‘मूळचे कुठले?’ : प्रवेशयादीच्या आधीचा प्रश्न

(इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



महाराष्ट्राबाहेर दोन मराठी माणसं भेटली की पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न येतोच : ‘तुम्ही मूळचे कुठले?’ आमचे वडील या प्रश्नाला ‘वाईकडचे’ असं उत्तर देत. ते वाईला आयुष्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नाला. मी ‘इंदूरचा’ म्हणतो, तर समोरचा म्हणतो, ‘ते झालं हो, पण मूळचे?’ चहाबरोबर हा प्रश्न गोड लागतो. तोच प्रश्न प्रवेशअर्जात छापून आला आणि त्याच्या उत्तरावर मुलाला जागा मिळणार की नाही हे ठरणार असलं, की त्याची चव बदलते.

मला ‘महाविद्यालयीन प्रवेश आणि न्याय’ हा विषय दिला आहे. मी पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं, जून-जुलैत, माझं खरं काम मुलांचे अर्ज भरून देण्याचं असे. तेव्हा मी कायद्याचा अभ्यासक म्हणून बोलत नाही, अर्ज भरून देणारा मास्तर म्हणून बोलतो आहे.

हा विषय निघाला की सभागृहाचे दोन भाग होतात. एक म्हणतो गुणवत्ता, दुसरा म्हणतो सामाजिक न्याय, आणि दोघांनाही एकमेकांची भाषणं पाठ असतात. तो वाद महत्त्वाचा आहे आणि मी सामाजिक आरक्षणाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी पळवाट काढतो आहे असं कुणाला वाटायला नको. पण या दोन शब्दांच्या आधी एक चाळणी लावलेली असते. तिच्यातून खाली उतरलेल्यांचीच पुढे यादी होते, राखीव जागांचीही आणि खुल्या जागांचीही. ती चाळणी राहण्याच्या ठिकाणाची. आपण सगळे, म्हणजे बेळगावचे, गोव्याचे, वडोदऱ्याचे, हैदराबादचे, ग्वाल्हेर-इंदूरचे मराठी लोक, या चाळणीच्या अगदी काठावर उभे असतो. तरी आपल्या संमेलनांत तिच्यावर बोललेलं मी फारसं ऐकलेलं नाही.

तिची कहाणी आपल्या गावाशी जोडलेली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आपलं महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. मध्य भारत राज्य असताना या महाविद्यालयाचा एक नियम होता. जो मध्य भारताचा खरा रहिवासी असेल त्याच्याकडून कॅपिटेशन फी घ्यायची नाही. बाहेरच्याकडून मात्र घ्यायची, सरकारी नामनिर्देशनाने आलेल्याकडून १,३०० आणि इतरांकडून १,५०० रुपये. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती. दिल्लीचे रहिवासी असलेले एक विद्यार्थी या नियमाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य’ या नावाने तो खटला ओळखला जातो आणि त्याचा निकाल जानेवारी १९५५ मध्ये लागला. राज्यघटना लागू होऊन पाचच वर्षं झाली होती.

विद्यार्थ्याचं म्हणणं सरळ होतं. घटनेचं पंधरावं कलम सांगतं की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायचा नाही. मग मी मध्य भारताचा नाही म्हणून माझ्याकडून जास्त पैसे कसे घेता? न्यायालयाने बहुमताने उत्तर दिलं ते असं : घटनेने मनाई केली आहे ती जन्मस्थानावरून भेदभाव करण्याला. रहिवास ही वेगळी गोष्ट आहे. राज्य आपल्या पैशातून महाविद्यालय चालवतं, इथली मुलं शिकून बहुधा इथेच राहतील, लोकांच्या उपयोगी पडतील. त्यांना सवलत दिली तर त्यात गैर काही नाही. एका न्यायमूर्तींनी वेगळं मत नोंदवलं. पण नियम टिकला, आणि इंदूरच्या या एका फीच्या प्रकरणातून निघालेलं ‘जन्मस्थान वेगळं, रहिवास वेगळा’ हे सूत्र पुढे देशभर चाललं.

इथे एक बारकावा सांगतो, कारण तो पुढे लागणार आहे. सरकारी नोकरीसाठी घटनेचं सोळावं कलम आहे. त्यात जन्मस्थानाबरोबर ‘रहिवास’ हा शब्दही आहे. नोकरीत रहिवासावरून भेद करायचा तर संसदेला कायदा करावा लागतो. शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशासाठी एकोणतिसावं कलम आहे. त्यात धर्म, वंश, जात आणि भाषा हे शब्द आहेत, रहिवास नाही. म्हणजे सरकारी मदतीवर चालणाऱ्या महाविद्यालयाला ‘तुझी भाषा मराठी आहे म्हणून तुला प्रवेश नाही’ असं म्हणता येत नाही. ‘तू इथला नाहीस’ असं मात्र म्हणता येतं.

त्या इंदुरी नियमात ‘खरा रहिवासी’ कुणाला म्हणायचं याची व्याख्या होती, आणि मला ती फार आवडते. मूळचा इथला तो रहिवासी. बाहेरून येऊन इथे घर केलेला आणि पाच वर्षं राहिलेला तोही रहिवासी. फाळणीनंतर ठरावीक तारखेच्या आत पाकिस्तानातून येऊन कायम राहू इच्छिणारा तोही. आणि शेवटी चौथा वर्ग : मध्य भारताला लागून असलेल्या प्रदेशातले ज्यांच्याबाबत सरकार पात्रतेची घोषणा करील ते लोक. १९५० च्या सुमाराला कुणीतरी कारकुनी भाषेत लिहिलेल्या नियमात शेजाऱ्यांसाठी असं एक दार ठेवलेलं होतं. निकालानंतर दोन वर्षांच्या आत, १ नोव्हेंबर १९५६ ला, मध्य भारत राज्यच नकाशावरून गेलं. ‘खरा रहिवासी’ ज्या राज्याचा असायचा ते राज्य गेलं, सूत्र राहिलं.

आता रहिवासाच्या अटीमागची कारणं थोडी तपासून पाहू. पहिलं कारण कराच्या पैशाचं. ते ऐकायला पटतं. पण केंद्राचा पैसा सगळ्यांचा असतो आणि बाहेरून येऊन इथे दुकान टाकलेला माणूसही पहिल्या दिवसापासून कर भरतो. दुसरं कारण, शिकलेली मुलं इथेच राहतील. माझ्या हातून अर्ज भरून गेलेली, डॉक्टर आणि इंजिनिअर झालेली मुलं मी मोजली तर पुणे, बेंगळुरू आणि अमेरिका यांतच बरीचशी सापडतील. माळव्याच्या खेड्यात दवाखाना काढलेला माझा विद्यार्थी एक आहे, आणि तो मूळचा राजस्थानचा. तिसरं कारण मला सगळ्यांत खरं वाटतं. मागास भागातल्या मुलाला मोठ्या शहरातल्या मुलाबरोबर एकाच रांगेत उभं केलं तर त्याची पाळी कधीच येणार नाही. यात न्याय आहे. पण मग अट मागासपणाची हवी, राज्याच्या हद्दीची नको. झाबुआच्या मुलाला आणि इंदूरच्या रेसकोर्स रोडवरच्या मुलाला एकाच ‘मूल निवासी’ दाखल्याने सारखं संरक्षण मिळतं, तेव्हा हे तिसरं कारण नुसतं सांगण्यापुरतं उरतं.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत नाही. माझ्या मुलीला सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली ती मध्य प्रदेशची मूल निवासी म्हणून. त्याच वर्षी धुळ्याचा माझा एक भाचा तिथेच प्रयत्न करत होता. त्याचे गुण तिच्यापेक्षा जास्त होते. चार की पाच, ते आता आठवत नाही, पण जास्त होते. धुळे इंदूरपासून आग्रा रोडने एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात या विषयावर कुणी बोललं नाही. मी पेढे वाटले आणि धुळ्याला पाठवायचे की नाही यावर दोन दिवस घालवले.

मग न्यायालयांनी या अटीचं काय केलं? १९८४ मध्ये डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की रहिवासाच्या नावाने सगळ्याच जागा बांधून ठेवता येणार नाहीत. एमबीबीएसच्या जागांपैकी जास्तीत जास्त ७० टक्के ठेवा, बाकीच्या देशभराला मोकळ्या करा. हे झेपणार नाही असं राज्यांनी सांगितलं, आणि १९८६ मध्ये देशभरासाठीचा वाटा पदवीच्या पातळीवर १५ टक्क्यांवर आला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आजही तोच आहे. म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशी जागांवर पहिला प्रश्न ‘किती गुण?’ हा नसतो. तो असतो ‘मूळचे कुठले?’ पदव्युत्तर पातळीवर मात्र जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की राज्याच्या कोट्यात रहिवासावरून आरक्षण चालणार नाही. आपण सगळे एकाच देशाचे रहिवासी आहोत. पदवीला चालतं आणि पदव्युत्तरला चालत नाही, याचं कारण असं दिलं जातं की वरच्या पातळीवर कौशल्य महत्त्वाचं. मास्तर म्हणून मला हे अर्धंच पटतं.

महाराष्ट्रानेही या अटीचे चटके सोसले आहेत. तिथे एकेकाळी विद्यापीठाच्या हद्दीनुसार वैद्यकीय प्रवेश होत. ज्या भागात बारावी झाली त्याच भागातल्या महाविद्यालयात जायचं. १९८६ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवलं, पण ७० टक्क्यांपर्यंत त्या भागातल्या मुलांना राखायला हरकत नाही असंही म्हटलं. तेच पुढे ७०:३० चं सूत्र म्हणून ओळखलं गेलं. हे सूत्र मागास भागाला आधार म्हणून चांगलंच होतं. पण पुढे मराठवाड्यात महाविद्यालयं कमी आणि लातूर-नांदेडकडे अभ्यासाची लाट मोठी, अशी स्थिती आली. तेव्हा ज्यांच्या संरक्षणासाठी कुंपण घातलं त्यांचीच मुलं कुंपणाला अडू लागली. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ते सूत्र रद्द केलं. कुंपण तेच होतं. आतली माणसं बदलली.

हैदराबादकडच्या मंडळींना तर हे सांगायलाच नको. निजामाच्या काळापासून मुलकी आणि गैरमुलकी हा भेद त्यांनी पाहिला आहे. मुलकी ठरायला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागे. आज महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला काढायला गेलात तरी पंधरा वर्षंच सांगतात. तेलंगणात अलीकडे नववी ते बारावी अशी सलग चार वर्षं राज्यात शिकलेला तोच स्थानिक असा नियम झाला. अकरावी-बारावीला क्लाससाठी दुसऱ्या राज्यात गेलेली मुलं त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. वडोदऱ्याला २०२४ मध्ये सयाजीराव विद्यापीठातल्या वाणिज्य शाखेच्या जागांवरून स्थानिक मुलं रस्त्यावर आली होती. सगळीकडे प्रश्न एकच, ‘आमच्या गावातल्या कॉलेजात आमची मुलं नाहीत?’ हा प्रश्न मला हसण्यासारखा वाटत नाही. ज्या आईबापांना मुलीला वसतिगृहात ठेवणं परवडत नाही, त्यांच्यासाठी गावातली जागा ही एकच जागा असते.

आता सीमाभागाकडे वळतो. राज्याच्या हद्दीने घातलेल्या या कुंपणात शेजाऱ्यासाठी दार ठेवता येतं, हे तिथे दोन्ही बाजूंनी दिसतं. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांत उमेदवारांचे प्रकार आहेत : अ, ब, क, ड आणि इ. त्यांतला ‘इ’ प्रकार वाचून पाहा. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेला आणि ज्याची मातृभाषा मराठी आहे असा उमेदवार. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, तिथली मुलं महाराष्ट्राची रहिवासी नसूनही या दारातून येऊ शकतात. आपल्या मध्य भारताच्या नियमातला तो चौथा वर्ग आठवला ना?

बेळगावची मंडळी हे दार जाणतात. पण त्याच्या बरोबर समोरचं दार आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे? कर्नाटकाच्या सामायिक प्रवेशाच्या नियमांतही ‘गडिनाडू कन्नडिग’ असा वर्ग आहे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज इथला, ज्याची मातृभाषा कन्नड आहे असा विद्यार्थी कर्नाटकातल्या जागेसाठी अर्ज करू शकतो. त्याला कन्नडची छोटी परीक्षा द्यावी लागते. दोन राज्यं एका सीमेवरून २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात उभी आहेत, एकमेकांचं एक कागदपत्र मान्य करत नाहीत, आणि प्रवेशाच्या नियमांत मात्र दोघांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट लिहून ठेवली आहे. हद्दीवर राहणाऱ्या मुलाला नुसत्या हद्दीने मोजलं तर त्याच्यावर अन्याय होतो, हे दोघांनाही पटलेलं आहे. मला या प्रश्नात इतकी आशादायक दुसरी गोष्ट दिसत नाही.

अडचण आहे ती दाराच्या अलीकडे. खानापूर तालुक्यातली एक मुलगी, आमच्या नात्यातली, ‘नीट’चा अर्ज भरायला बसली होती. सात-आठ वर्षं झाली. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे बेळगावला विज्ञान, इंग्रजीतून. मी सुट्टीत तिकडे गेलो होतो आणि जुन्या सवयीने बाजूला खुर्ची ओढून बसलो. अर्जात विचारलं, प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत हवी? ती म्हणाली, ‘काका, मराठी टाकू? बरोबर इंग्रजी पण येते म्हणे.’ म्हटलं टाक. प्रादेशिक भाषेची पुस्तिका दोन भाषांत छापलेली असते, आणि भाषांतरात घोटाळा झाला तर इंग्रजी मजकूर अंतिम. तिने मराठी टाकलं. मग परीक्षेचं शहर निवडायला गेलो, तर यादीत बेळगाव नाही. हुबळी नाही. सगळी शहरं महाराष्ट्रातली.

आम्हांला आधी वाटलं संगणक बिघडला. मग माहितीपुस्तिका काढून वाचली. इंग्रजी, हिंदी आणि उर्दू पुस्तिका देशातल्या सगळ्या केंद्रांवर मिळतात. बाकीच्या भाषांच्या पुस्तिका त्या त्या भाषेच्या राज्यातच. कन्नड कर्नाटकात, गुजराती गुजरात आणि दमण-दादरा भागात, मराठी महाराष्ट्रात. म्हणजे ‘नीट’पुरता मराठी ही महाराष्ट्राच्या हद्दीत बोलली जाणारी भाषा आहे. पणजीत नाही, बेळगावात नाही, आणि या इंदुरात, जिथे होळकरांच्या दरबाराने मराठीत पत्रं लिहिली, तिथेही नाही. जेईई मेनचीही हीच रीत. मघाशी सांगितलं की भाषेवरून प्रवेश नाकारू नका असं घटना सांगते. इथे कुणी प्रवेश नाकारत नाही. फक्त तुमची भाषा तुमच्या गावात मिळत नाही. हवी तर शंभर-सव्वाशे किलोमीटर जाऊन घ्या.

ती कोल्हापूरला गेली. आदल्या दिवशी वडिलांबरोबर एसटीने, रात्री ओळखीच्यांच्या ओळखीकडे मुक्काम. पहाटे उठून आंघोळ, केंद्रावर तपासणी, कानातल्या रिंगा काढून वडिलांच्या खिशात. त्या वर्षी १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. परीक्षेनंतर प्रश्नपुस्तिका घरी नेता येते. तिने ती मला दाखवली. ज्या प्रश्नाशी ती अडखळली आणि मराठी मजकूर वाचून पुढे गेली, तिथे तिने पेन्सिलीने छोटी टिंबं काढली होती. अकरा टिंबं होती. त्यांतली आठ जीवशास्त्रात. तिथला इंग्रजी शब्द तिला येत होता. वाक्याची लांबी तिला अडवत होती. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही’ अशा धाटणीचं वाक्य इंग्रजीत दोनदा वाचावं लागतं, मराठीत एकदा.

अकरा प्रश्न म्हणजे किती? एका प्रश्नाला चार गुण, चुकलं तर एक वजा. २०२४ मध्ये भौतिकशास्त्राच्या एकाच प्रश्नाची दोन उत्तरं ग्राह्य धरली होती, कारण पाठ्यपुस्तकाच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांत फरक होता. पुढे तज्ज्ञांकडून तपासून एकच उत्तर बरोबर ठरलं, आणि चार लाखांहून जास्त मुलांचे पाच-पाच गुण गेले. ७२० पैकी ७२० मिळवणारे आधी ६७ होते, शेवटी १७ उरले. एका प्रश्नाने एवढी उलथापालथ होते. आणि भाषांतराचं म्हणाल, तर २०१८ मध्ये तमिळ पुस्तिकेतले ४९ प्रश्न चुकीचे भाषांतरित झाले म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने १९६ गुण द्यायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही. त्याच्या आदल्या वर्षी तर वेगवेगळ्या भाषांना वेगवेगळे प्रश्नच दिले गेले होते. आता निदान प्रश्न तेच असतात.

तुमच्या मनात आलेलं मला कळतं आहे. अकरावी-बारावीचं विज्ञान महाराष्ट्रातही बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच शिकवतात. गोव्यात मराठी मुख्यतः प्राथमिक शाळेपुरती उरली आहे. इंदुरात मराठी शाळांची काय अवस्था आहे ते या सभागृहात बसलेल्या माजी मुख्याध्यापकांना विचारा. मग मराठी पुस्तिका मागणारी मुलं किती असतील? थोडी असतील, हे मी कबूल करतो. बेळगाव सोडलं तर फारच थोडी. पण मग उर्दूची पुस्तिका देशभर मिळते, ती प्रत्येक केंद्रावर शेकडो मुलं मागतात म्हणून नव्हे. एखाद्या केंद्रावर एकाने मागितली तरी ती द्यायची, असं ठरवलं म्हणून मिळते. छपाई, सीलबंद वाहतूक, गुप्तता या सगळ्या अडचणी उर्दूच्या बाबतीत सुटल्या असतील, तर मराठीच्या बाबतीत त्या सुटू नयेत असं काही त्या अडचणींत नाही. आणि हे मी केवळ मराठीपुरतं म्हणत नाही. सोलापुरातल्या तेलुगू मुलाला आणि अक्कलकोटच्या कन्नड मुलाला त्यांची पुस्तिका त्यांच्या गावात मिळायला हवी. गडिनाडूचं दार कर्नाटकाने ठेवलं आहे. त्या दारापर्यंत पोचणाऱ्या परीक्षेला मुलाने आपल्या गावातच बसावं, इतकीच गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो माझ्या एका सहकाऱ्याने मला आधीच ऐकवला. ते म्हणाले, ‘मराठी पुस्तिका मिळाली म्हणून झाबुआच्या भिल्ल मुलाला काय मिळालं?’ काहीच नाही. त्याच्यासाठी वेगळ्या गोष्टी लागतात. सरकारी शाळेतल्या मुलांना तमिळनाडूने २०२० मध्ये साडेसात टक्के आणि पुढे मध्य प्रदेशाने पाच टक्के जागा राखल्या, त्या दिशेच्या. या राखीव जागांचा प्रश्नही इथून सर्वोच्च न्यायालयात गेला. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गांतल्या, सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांना गुण जास्त असूनही सरकारी शाळांसाठीच्या खुल्या जागा दिल्या गेल्या नव्हत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने ते चूक ठरवलं. ‘कुठे राहतो’ यापेक्षा ‘कुठल्या शाळेत शिकला’ हा प्रश्न मला न्यायाच्या जास्त जवळचा वाटतो. त्याचं उत्तर बनावट दाखल्याने बदलणंही थोडं कठीण असतं. थोडं, अगदीच नव्हे.

त्या मुलीचं काय झालं हे विचाराल. एमबीबीएस मिळालं नाही. ‘इ’ प्रकारातून महाराष्ट्रात दुसऱ्या अभ्यासक्रमाचा अर्ज केला. गाव यादीत असल्याचा एक दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा, हे जमवता जमवता वडिलांच्या तीन रजा गेल्या. एका कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, ‘मराठी आहे याला पुरावा काय?’ तिने शाळेचा दाखला पुढे केला. ते म्हणाले, हा शाळेचा झाला. ती म्हणाली, ‘मग तुम्हीच बोलून बघा.’ सही मिळाली. आज ती औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन सांगलीला नोकरी करते. कोल्हापूरऐवजी बेळगावातच, रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपून, तीच पुस्तिका हातात आली असती तर यादीत ती वर असती का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

आपल्या भाषेच्या अकादम्या वर्षाला एक अंक काढतात, परिसंवाद घेतात, पुरस्कार देतात. सगळं आवश्यक आहे, मीही त्यातलाच आहे. पण परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेला गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा आणि हैदराबाद इथल्या केंद्रांवर मराठी पुस्तिका द्या, असं एक पत्र सगळ्यांच्या सह्यांनी अजून गेलेलं मला माहीत नाही. मी एक मसुदा केला आहे. दीड पानाचा. त्यात कन्नड आणि तेलुगू मुलांची मागणीही घातली आहे, ती कृपा करून कुणी खोडू नये. मागच्या टेबलावर चहाच्या थर्मासजवळ ठेवला आहे. माझं अक्षर मास्तरांच्या मानाने वाईट आहे. कुठे लागलं नाही तर मला विचारा, मी सव्वासातच्या बसपर्यंत इथेच आहे.